ॲक्टिव्ह स्पीकरसाठी अँप आणि डीएसपी निवडताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

स्पीकर बनवायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, तर "किती वॅटचा अँप घेऊ?" आणि मी दर वेळी सांगतो की बाबा हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा, आधी कागद-पेन घे. ॲक्टिव्हमध्ये तर हे जास्तच लागू पडतं कारण इथे एक अँप नसतोच, चार-सहा चॅनल असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं.

आधी ॲक्टिव्ह म्हणजे काय ते एकदा नीट बघू. साध्या म्हणजे पॅसिव्ह स्पीकरला अँपकडून एक जोडी वायर येते, आणि खोक्याच्या आत कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर लावलेला क्रॉसओव्हर असतो, तो खालचा आवाज वूफरला आणि वरचा ट्वीटरला वाटून देतो. ॲक्टिव्हमध्ये ही वाटणी अँपच्या आधीच उरकते, छोट्या सिग्नलवर, आपल्या बाबतीत डीएसपीत (डिजिटल सिग्नल प्रोसेसर), आणि मग प्रत्येक ड्रायव्हरला (वूफर, ट्वीटर) स्वतःचा अँप चॅनल थेट जोडलेला. नुसता खोक्यात अँप बसवला पण आत क्रॉसओव्हर जुनाच, तर तो पॉवर्ड स्पीकर, ॲक्टिव्ह नाही. दुकानदार दोन्हीला एकच नाव लावतात तो भाग वेगळा.

फायदा सरळ आहे, कॉइल काढा-घाला, सोल्डर करा, परत ऐका हे सगळं जाऊन माउसने फिल्टर बदलता येतो, डीले (एखाद्या ड्रायव्हरचा आवाज थोडा उशिरा सोडणं) देता येतो, जो पॅसिव्हमध्ये जवळजवळ अशक्य. तोटा मात्र कोणी सांगत नाही. ट्वीटर आणि अँप यांच्यामध्ये आता काहीच उरत नाही. अँपचा नॉइज असो, डीसी असो, चालू करतानाचा धप्प असो, किंवा तुमची एक चुकीची क्लिक असो, सगळं थेट त्या नाजूक कॉइलवर. म्हणून माझं मत असं की ॲक्टिव्हमध्ये अँप-डीएसपीची निवड ट्वीटरपासून सुरू करायची, वूफरपासून नाही. सगळे उलटं करतात.

पायरी १: कागदावर मांडामांड

एका खोक्यात ड्रायव्हर किती? टू-वे असेल तर दोन, म्हणजे स्टिरिओला चार चॅनल. थ्री-वे असेल तर सहा. वर एक सबवूफर लावायचा मनात असेल तर तो आत्ताच मोजा, कारण चार आउटपुटचा डीएसपी घेऊन बसलात आणि सहा महिन्यांनी सब आठवला तर परत सगळं नवीन घ्यावं लागतं.

प्रत्येक ड्रायव्हरसमोर तीन आकडे लिहा: इम्पीडन्स (ओहममधला विद्युत अडथळा), सेन्सिटिव्हिटी (ठरलेल्या सिग्नलला १ मीटरवर किती डीबी वाजतो) आणि ट्वीटर असेल तर त्याची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (जिथे तो आपसूक जास्त हलतो). सेन्सिटिव्हिटी वाचताना एक गोष्ट बघा, ती बहुतेक वेळा २.८३ व्होल्टवर दिलेली असते, आणि २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर १ वॅट पण ४ ओहमवर २ वॅट. त्यामुळे ४ ओहमचा वूफर कागदावर ३ डीबी जोरात दिसतो, प्रत्यक्षात तो अँपकडून दुप्पट पॉवर घेऊनच तेवढा वाजत असतो.

मग क्रॉसओव्हर कुठे ठेवायचा ते ढोबळ ठरवा. ट्वीटरच्या रेझोनन्सच्या निदान दुप्पट वर रहा, म्हणजे ९०० हर्ट्झ रेझोनन्स असेल तर १८०० च्या खाली नको, आणि जोरात ऐकायची सवय असेल तर अजून वर. दुसऱ्या बाजूने वूफर, तो जेवढा मोठा तेवढा वरच्या फ्रिक्वेन्सीला टॉर्चसारखा समोरच फेकतो. ज्या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी कोनच्या व्यासाएवढी होते तिच्या आसपास हे चांगलंच जाणवायला लागतं, १३ सेंटीमीटर कोन असेल तर ते साधारण २६०० हर्ट्झ. या दोन भिंतींच्या मधली जागा तुमची. बऱ्याच टू-वेमध्ये ती १८०० ते २५०० च्या मध्येच येते. आकडा आत्ता अगदी नेमका नको, मेजरमेंट केल्यावर तो हलणारच आहे.

पायरी २: डीएसपी आधी, अँप नंतर

डीएसपी आधी का, तर किती आउटपुट, किती व्होल्टचं आउटपुट आणि बॅलन्स्ड (दोन उलट्या सिग्नल वायरींचं, बाहेरची गुणगुण कमी पकडणारं) की साधं हे सगळं डीएसपी ठरवतो, आणि अँप त्याला जुळवून घ्यावा लागतो.

ढोबळमानाने चार रस्ते आहेत.

एक, तयार डबा. मिनिडीएसपीचा टू बाय फोर एचडी हे नवशिक्यांचं ठरलेलं उदाहरण, दोन इनपुट, चार आउटपुट, आतलं सगळं गणित ९६ किलोहर्ट्झवर, युएसबीने कॉम्प्युटरला लावायचा, फिल्टर टाकायचे, केबल काढून टाकायची, तो लक्षात ठेवतो. टू-वे स्टिरिओसाठी नेमके चार आउटपुट. पहिल्यांदा करत असाल तर माझं मत इथेच, फार डोकं लावू नका.

दोन, उघडा बोर्ड. ॲनालॉग डिव्हायसेसची एडीएयू१७०१ ही चिप बरीच जुनी पण अजून सगळीकडे दिसते, तिच्यात दोन एडीसी (ॲनालॉगचं डिजिटल करणारे) आणि चार डीएसी (परत ॲनालॉग करणारे) आतच आहेत. सिग्मास्टुडिओ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक ओढून-जोडून प्रोग्राम बनवायचा. शिकायला मस्त आहे, पण प्रोग्रामर वेगळा लागतो, प्रोग्राम बोर्डवरच्या मेमरीत लिहावा लागतो नाहीतर लाइट गेली की सगळं साफ, आणि पहिला आठवडा आवाज का येत नाही हे शोधण्यातच जातो. ज्याला अशी खटपट आवडते त्यानेच जावं.

तीन, प्लेट अँप, म्हणजे डीएसपी आणि अँप एकाच पत्र्यावर, खोक्याच्या मागे भोक पाडून बसवायचं. हायपेक्सची फ्युजनअँप मालिका यात नावाजलेली, टू-वेसाठी दोन चॅनलची आणि थ्री-वेसाठी तीन चॅनलची मॉडेलं आहेत, एफए१२२, एफए१२३ अशी. गेनची (अँप सिग्नल किती पट करतो त्याची) जुळवाजुळव कंपनीने केलेली असते, मेन सप्लाय आत, वायर कमी. महाग पडतं, आणि एक भाग बिघडला तर अख्खी प्लेट जाते, पण पुढची पायरी ४ जवळजवळ वगळता येते हा फार मोठा फायदा.

चार, कॉम्प्युटर. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, लिनक्सवर किंवा रास्पबेरी पायवर कॅमिलाडीएसपी, आणि बाहेर सहा-आठ आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस. प्रोसेसिंगची ताकद हवी तेवढी. पण सॉफ्टवेअर अडकलं, अपडेटनंतर चॅनल इकडचे तिकडे झाले, किंवा फिल्टर बायपास होऊन नोटिफिकेशनचा टिंग फुल व्हॉल्यूमने थेट ट्वीटरला गेला तर काय? हे होतं. नवशिक्याने या रस्त्याला दुसऱ्या प्रोजेक्टला जावं असं मला वाटतं.

आता स्पेसिफिकेशनमध्ये काय बघायचं. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असला तरी रडू नका, २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात आरामात बसतो. बायक्वाड नावाचा फिल्टरचा तुकडा असतो, प्रत्येक चॅनलला असे किती मिळतात ते बघा. २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा (फ्रिक्वेन्सी दुप्पट होणं म्हणजे एक ऑक्टेव्ह) एक हायपास (वरचंच सोडणारा) किंवा लोपास (खालचंच सोडणारा) दोन बायक्वाड खातो, इक्यूचा (इक्वलायझरचा) प्रत्येक बँड एक खातो, म्हणजे एका ड्रायव्हरला क्रॉसओव्हर धरून आठ-दहा मिळाले तरी टू-वेचं काम होतं. डीले प्रत्येक आउटपुटला वेगळा देता यायला हवा, लिमिटर (सिग्नल ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारा) हवा, आणि पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटायचं बटण हवं. यातलं एखादं नसेल तर तो डबा सोडून द्या.

इनपुटचा विचार लोक करत नाहीत. तुमच्याकडे व्हॉल्यूम कुठे कमी-जास्त होणार? सोर्सवर ॲनालॉग व्हॉल्यूम कमी करून मग डीएसपीच्या एडीसीत घातला तर हळू ऐकताना एडीसीला अगदी बारीक सिग्नल मिळतो आणि त्याच्या मागचा डीएसपीचा नॉइज मात्र आहे तेवढाच राहतो. त्यापेक्षा सोर्स फुल ठेवून डीएसपीच्या आतला मास्टर व्हॉल्यूम रिमोटने फिरवणं बरं. ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल डिजिटल इनपुट असेल तर अजून बरं, पण मग डीएसपीला स्वतःचा नॉब किंवा रिमोट असलाच पाहिजे, कारण टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटवर बऱ्याचदा व्हॉल्यूम फिरतच नाही आणि सिग्नल कायम फुल येतो.

पायरी ३: आता वॅट

हिशोब करून बघू, तोंडी करता येतो. वूफर ८६ डीबी, ८ ओहम, तुम्ही ३ मीटरवर बसता. १ मीटरवरून ३ मीटरवर गेलं की मोकळ्या जागेत साडेनऊ डीबी जातात, दोन स्पीकर वाजतायत म्हणून साधारण ३ परत येतात, भिंती अजून ३-एक परत देतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅटला तुमच्या खुर्चीत ८२-८३ डीबी. सरासरी ८० ने ऐकलं तर ते व्यवस्थित मोठं ऐकणं झालं, आणि गाण्यातले तडाखे त्याच्या १५ ते २० डीबी वर जातात, धरा ९८. म्हणजे १ वॅटपासून वर १५-१६ डीबी पाहिजेत. दर १० डीबीला दहापट पॉवर, दर ३ डीबीला दुप्पट, म्हणजे ३० ते ४० वॅट. झालं. त्या २०० वॅटची गरज कुठे आहे?

थांबा, एक गोम आहे. वूफरची सेन्सिटिव्हिटी मोठ्या सपाट भिंतीत बसवून मोजलेली असते. तुमचं खोकं अरुंद, त्यामुळे खालच्या फ्रिक्वेन्सीला आवाज मागेही वळतो आणि समोर ६ डीबीपर्यंत कमी पडतो, याला बॅफल स्टेप म्हणतात. कुठून पडतो ते काढायला ११५ ला खोक्याच्या मीटरमधल्या रुंदीने भागा, २० सेंटीमीटर रुंदीला ५७५ हर्ट्झच्या आसपास. हे डीएसपीने भरून काढणार, खोलीची मदत धरून ३-४ डीबी उचलावे लागणार, म्हणजे वूफरला अजून दुप्पट पॉवर. तेव्हा वूफरला ८०-१०० वॅट ठेवा असं मी म्हणतो, आणि ते सुद्धा वूफर तेवढं झेलतोय का बघून. आणि डीएसपीने बास अजून खाली ओढायचा मोह होतो ना, तेव्हा हे लक्षात ठेवा की त्याच आवाजासाठी एक ऑक्टेव्ह खाली गेलं की कोनला चौपट हलावं लागतं. तिथे अँप कितीही मोठा असो, कोन आधी टोकाला आपटतो.

ट्वीटरचं उलट. ट्वीटर ९२ डीबीचा, म्हणजे त्याला मुळात कमी करून वाजवायचाय, आणि संगीतात २००० हर्ट्झच्या वर ऊर्जा फारच कमी असते. १५-२० वॅटचा स्वच्छ अँप ट्वीटरला भरपूर झाला. तरी लोक सगळीकडे एकच अँप लावतात कारण गेन सारखा राहतो, त्यातही काही चूक नाही.

अँपच्या जाहिरातीतला आकडा वाचताना तीन प्रश्न: किती ओहमवर, किती व्होल्ट सप्लायवर, किती डिस्टॉर्शनवर? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ या अँप चिपवर ५० वॅट गुणिले दोन असं लिहिलेलं असतं, ते ४ ओहमवर, २१ व्होल्टला, १० टक्के डिस्टॉर्शनला. १० टक्के म्हणजे सिग्नलची डोकी कापली गेली की राव. ८ ओहमचा वूफर लावला आणि २४ व्होल्टचा सप्लाय दिला तर पीकला जेमतेम २२ व्होल्ट मिळणार, २२ चा वर्ग भागिले २ भागिले ८, म्हणजे ३० वॅट. व्होल्ट कळले की वॅट आपोआप कळतात, स्टिकर वाचायची गरजच नाही. पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे जा.

क्लास डी (स्विचिंगचा) की क्लास एबी (जुन्या पद्धतीचा) अँप हा वाद मी इथे काढत नाही. एलएम३८८६ सारखी चिप आजही सुंदर वाजते पण हीटसिंक मोठा लागतो आणि प्लस-मायनस असा दुहेरी सप्लाय लागतो, सहा चॅनलला ते खोकं म्हणजे शेगडीच. क्लास डी थंड राहतो. एवढंच बघा की स्वस्त क्लास डी मध्ये आउटपुटच्या कॉइल-कपॅसिटरच्या नंतरून फीडबॅक (आउटपुट परत तपासून चूक दुरुस्त करणारा सिग्नल) घेतलेला नसतो, त्यामुळे लोड बदलला की वरच्या टोकाचा रिस्पॉन्स एक-दोन डीबी हलतो. पॅसिव्हमध्ये हे त्रासदायक, ॲक्टिव्हमध्ये नाही, कारण एका चॅनलला एकच ड्रायव्हर कायमचा जोडलाय, तो फरक मेजरमेंटमध्ये दिसतो आणि इक्यूने जातो. टीपीए३२५५ चे काही बोर्ड आणि हायपेक्स, प्युरिफायची मॉड्यूलं फीडबॅक फिल्टरनंतर घेतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

एक धोक्याची सूचना. या क्लास डी चिप बहुतेक ब्रिज्ड असतात, म्हणजे स्पीकरच्या मायनस टर्मिनलवर सुद्धा जिवंत सिग्नल असतो, ते ग्राउंड नाही. दोन चॅनलचे मायनस एकत्र जोडायचे नाहीत, त्यावर ऑसिलोस्कोपचा किंवा साउंडकार्डचा ग्राउंड लावायचा नाही. लावला की चिप गेली.

पायरी ४: गेन आणि तो सूं आवाज

हीच पायरी सगळे गाळतात आणि मग विचारतात की संगीत बंद असताना ट्वीटरमधून सूंऽऽ का येतंय. आकड्यात बघू. अँपच्या आउटपुटवर नॉइज ३०० मायक्रोव्होल्ट आहे समजा. २.८३ व्होल्टच्या तुलनेत तो जवळजवळ ८० डीबी खाली. ट्वीटर ९२ डीबीचा, तर १ मीटरवर नॉइज १२ डीबी, शांत खोलीची स्वतःची कुजबुज त्यापेक्षा मोठी असते, कान ट्वीटरला लावला तरच ऐकू येईल. आता तोच अँप १०८ डीबीच्या हॉर्न (भोंगा लावलेल्या) ड्रायव्हरला लावा, २८ डीबी, आणि तो सुद्धा नेमका कान जिथे तिखट असतो त्या भागात. रात्री तुम्हाला झोपेपर्यंत छळेल. म्हणून म्हणतो ट्वीटरपासून सुरू करा.

आता हा नॉइज कमी कसा करायचा. अँपचा गेन २६ डीबी असेल तर तो आत येणारं सगळं २० पट करतो, डीएसपीचा नॉइज पण. वर काढलेला २४ व्होल्टचा अँप आउटपुटला साधारण १५ व्होल्ट आरएमएसच्या (पीकचे २२ भागिले १.४) पुढे जात नाही, म्हणजे त्याला आत फक्त पाऊण व्होल्ट पुरतो. तुमचा डीएसपी मात्र २ व्होल्ट देऊ शकतो. म्हणजे डीएसपीच्या ताकदीचे वरचे आठ-साडेआठ डीबी कधीच वापरले जाणार नाहीत आणि खालचा नॉइज मात्र २० पट होऊन येणार. उपाय सोपा, अँपचा गेन कमी करा. टीपीए३११६ वर रेझिस्टर बदलून २०, २६, ३२, ३६ अशा चार पायऱ्या मिळतात, २० वर आणा. बोर्डावर ते जमत नसेल तर अँपच्या इनपुटलाच दोन रेझिस्टरचा डिव्हायडर लावा, तोही अँपच्या टोकाला, डीएसपीच्या टोकाला नाही, म्हणजे वायरने पकडलेली गुणगुण पण सोबत कमी होते.

हे करताना ट्वीटरला वूफरपेक्षा जास्त कमी करा. ट्वीटर तसाही सहा-आठ डीबी खाली ठेवायचाच आहे, तो डीएसपीत खाली ओढण्यापेक्षा अँपच्या गेनमध्ये खाली ओढला तर नॉइजही तेवढाच खाली येतो. हॉर्न असेल तर मी सरळ अँपनंतर दोन रेझिस्टरचा एल-पॅड लावतो, १० डीबीचा. ॲक्टिव्हचे कट्टर लोक नाकं मुरडतात. मुरडू देत, सूं आवाज गेला ना.

गुणगुण म्हणजे ५०-६० हर्ट्झची हम वेगळी, ती ग्राउंड लूपची. अनेक अँप, अनेक सप्लाय, सगळे अर्थ केलेले, त्यातून ती येते. बॅलन्स्ड वायरिंग घेता आलं तर घ्या, नाहीतर सगळे चॅनल एकाच सप्लायवर आणि ग्राउंड एका ठिकाणी.

पायरी ५: ट्वीटर वाचवणं

माझा पहिला ट्वीटर मी जोडणीनंतर अर्ध्या मिनिटात घालवला. आउटपुट दोन आणि तीनची वायर उलटी लागली, वूफरचा सिग्नल ट्वीटरला, टक् असा एक आवाज आणि संपलं. त्यानंतर मी तीन गोष्टी कधी चुकवत नाही.

ट्वीटरला सिरीजमध्ये एक कपॅसिटर, कायमचा. ६ ओहमच्या ट्वीटरला ४७ मायक्रोफॅरड दिला तर तो ५६० हर्ट्झच्या आसपास कापायला लागतो, २२०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरपासून दोन ऑक्टेव्ह लांब, त्यामुळे आवाजात फार ढवळाढवळ नाही आणि जी आहे ती मेजरमेंटमध्ये धरली जाते. डीसी आणि चालू-बंदचा धप्प तो अडवतो. फिल्म किंवा बायपोलर घ्या, साधा पोलराइज्ड इलेक्ट्रोलिटिक नको. हा सगळ्यातून वाचवतो असं नाही, वूफरचा फुल सिग्नल जोरात दिला तर तरीही जाईल.

दुसरं, प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर लिहा. हसू नका.

तिसरं, चालू-बंद करायचा क्रम. डीएसपी आधी चालू, अँप नंतर. बंद करताना अँप आधी. काही डीएसपी चालू होताना आउटपुटवर फट् करतात.

आणि लिमिटर. पीक लिमिटर अँप क्लिप होण्याच्या एक डीबी खाली लावा, आणि ट्वीटरला वेगळा, त्याहून खाली. वूफरच्या बासला बूस्ट दिला असेल तर डीएसपीच्या इनपुटला तेवढेच डीबी कमी करा, ६ डीबी बूस्ट असेल तर उणे ६, नाहीतर डीएसपीच्या आतच क्लिप होतं आणि तुम्ही अँपला शिव्या देत बसता.

पायरी ६: पहिल्यांदा चालू करताना

मेनची वायर उघडी असेल असा सप्लाय पहिल्या प्रोजेक्टला घेऊच नका, बंद डब्यातला तयार २४ व्होल्टचा घ्या. चार चॅनलला ५-६ अँपिअर भरपूर, कारण संगीताची सरासरी पॉवर पीकच्या कितीतरी खाली असते.

ट्वीटर न जोडता सगळं चालू करा. मल्टिमीटरने प्रत्येक आउटपुटच्या दोन टोकांत डीसी मोजा, काही मिलिव्होल्ट चालतील, अर्धा व्होल्ट दिसला तर थांबा. मग प्रत्येक चॅनलला एकेक करून कुठलातरी जुना, टाकाऊ स्पीकर लावा आणि ऐका की वूफरच्या चॅनलला खालचंच येतंय आणि ट्वीटरच्या चॅनलला वरचंच. हे दोन मिनिटांचं काम आहे, तेवढं झालं की मगच खरा ट्वीटर, आणि तोही व्हॉल्यूम अगदी खाली ठेवून.

पायरी ७: फिल्टर लावणं

क्रॉसओव्हर फिल्टरचा लिंकविट्झ-रायली हा प्रकार तुम्हाला सगळीकडे दिसेल. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे ह्यूलेट-पॅकार्डमधले इंजिनिअर, १९७६ मध्ये त्यावरचा पेपर आला. २४ डीबी प्रति ऑक्टेव्हच्या प्रकारात दोन्ही ड्रायव्हर क्रॉसओव्हरला ६ डीबी खाली असतात आणि एकाच फेजमध्ये (कोन एकाच तालात पुढे-मागे), म्हणून बेरीज सपाट येते. सुरुवात यानेच करा.

पण, आणि हा पण फार मोठा आहे, डीएसपीत २२०० ला २४ डीबीचा फिल्टर टाकला म्हणजे काम झालं असं नाही. ट्वीटर स्वतःच खाली पडत असतो, वूफर वर स्वतःच खडबडीत होऊन पडतो. तुमचा फिल्टर अधिक ड्रायव्हरचं स्वतःचं पडणं, या दोघांची बेरीज त्या आकाराची यायला हवी. त्यामुळे आधी ड्रायव्हर इक्यूने सरळ करा, मग फिल्टर टाका, नाहीतर मेजरमेंटवर ती टार्गेट रेष ठेवून इक्यू आणि फिल्टर दोन्ही हलवत ती रेष गाठा. आरईडब्ल्यू हे मोजमापाचं फुकट सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशन फाइल असलेला एक युएसबी माइक, एवढं पुरतं. सगळं आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेट करायचं असेल तर व्हिट्युइक्सकॅड, तेही फुकट.

माइक १ मीटरवर, ट्वीटरच्या उंचीला. स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १ मीटर उंच असतील तर जमिनीवरून उसळलेला आवाज सव्वा मीटर जास्त फिरून, म्हणजे साडेतीन मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो. तेवढ्यातच मोजमाप कापायचं, म्हणजे खोली त्यात येत नाही, पण मग ३०० हर्ट्झच्या खालचं त्यात काही खरं नसतं. खालचं बघायला माइक वूफरच्या कोनजवळ अर्ध्या सेंटीमीटरवर नेऊन वेगळं मोजा. खोलीतला खड्डा बघून क्रॉसओव्हर हलवणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका.

डीले शेवटी. ट्वीटर सपाट बॅफलवर (खोक्याच्या पुढच्या फळीवर) वूफरच्या कॉइलपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर पुढे असतो, म्हणून ट्वीटरला उशीर द्यायचा. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, अडीच सेंटीमीटर म्हणजे ७३ मायक्रोसेकंद, ४८ किलोहर्ट्झवर साडेतीन सॅम्पल. नेमका आकडा शोधायला ट्वीटरची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा आणि डीले थोडा थोडा बदलत क्रॉसओव्हरपाशी सगळ्यात खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा कधी पडतो ते बघा. पडला की पोलॅरिटी सरळ करा, तो खड्डा भरून निघतो. पहिल्यांदा तो खड्डा पडताना बघायला जी मजा येते ती वेगळीच. युएसबी माइकने मोजताना आरईडब्ल्यूमधला अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू ठेवा, नाहीतर दर मोजमापाला वेळेचा शून्य हलतो आणि डीलेचे आकडे निरर्थक होतात.

एफआयआर फिल्टरचं (फेज न हलवता कापू शकणारा लांबलचक डिजिटल फिल्टर) काय, हे कोणीतरी विचारणारच. लिनिअर फेजचा ४०९६ टॅपचा फिल्टर ४८ किलोहर्ट्झवर ४३ मिलिसेकंद उशीर करतो, सिनेमा बघताना ओठ आणि आवाज चुकायला लागू शकतात, वाद्य वाजवत स्वतःला ऐकायचं असेल तर अशक्यच. साध्या आयआयआर (वर सांगितलेल्या बायक्वाडच्या) फिल्टरने आधी चांगलं वाजवा, आणि दोन-तीन महिने ऐकून झाल्यावरही खाज असेल तर बघा.

सगळं जमलं की डीएसपीची फाइल तारखेसकट दोन ठिकाणी सेव्ह करा, आणि डीएसपीत दुसऱ्या प्रीसेटच्या जागी पण हेच फिल्टर टाकून ठेवा, रिकामा ठेवू नका. रिमोटवर चुकून बोट पडलं आणि रिकामा प्रीसेट लागला तर त्यात हायपास नसतो, आणि ट्वीटर परत उघडा पडतो.